पोरगी आयकंना

मी डी.एड. आहे. नोकरी लागली नाही हा भाग वेगळा, पण लहान मुलांना कसं शिकवावं याचा शिक्का मारलेला कागद माझ्या ट्रंकेत आहे. तो ट्रंकेत घालूनच मी राणीसावरगावच्या अलीकडच्या एका खेड्यात नांदायला आले. लेक झाली तेव्हा मी मनाशी म्हटलं, सरकारला नको असेल माझी विद्या, हिच्या तरी कामी येईल. आज ती सात वर्षांची आहे आणि तिच्या तोंडून एकदा 'आई' अशी हाक यावी, एवढंच मला या जन्मात हवं आहे. ती हाक कुठं अडली ते सांगते.

लेक सव्वा वर्षाची असताना करोना आला आणि अंगणवाडीला कुलूप लागलं. ते लवकर निघालं नाही. डाळ-तांदळाची पाकिटं घरपोच यायची, अक्षर मात्र एकही यायचं नाही. शेजारणी लेकरांच्या हातात मोबाईल देऊन भाकरी थापायच्या आणि मी त्यांना नावं ठेवायचे. नावं ठेवण्यात मी कधी कुचराई केली नाही. आमच्या घरात एकच मोबाईल, तोही मालकांच्या खिशात, आणि मालक हंगामभर उसाच्या ट्रॅक्टरवर. विकतची खेळणी आणायची ऐपत नव्हती, आणि असती तरी मी आणली नसती, इतकी मला माझ्या डोक्याची घमेंड होती.

मग मी ओसरीवर शाळा मांडली. विद्यार्थिनी दोन: माझी लेक आणि तिच्याहून सहा महिन्यांनी मोठी असलेली जावेची पोर. जाऊ आणि आम्ही एकाच अंगणात राहतो, चुली तेवढ्या वेगळ्या. तूर, मूग आणि हरभरा कालवून पुढं ठेवायचा आणि ज्याचा त्याचा ढीग करायला लावायचा. चिंचोक्यांच्या रांगा लावायच्या. ज्वारीचा धांडा सोलून आतल्या मऊ भेंडात सालीच्या काड्या खोचल्या की बैलगाडी व्हायची. मग तिची चाकं किती, बैल किती. चुलीतली राख चाळून पितळीत पसरायची आणि बोटानं अक्षर काढायचं. पितळी हलवली की पाटी कोरी. लिंबाचं, वडाचं, पळसाचं पान जमिनीवर ठेवून भोवती कोळशाची रेघ मारायची आणि कोणत्या रेघेत कोणतं पान बसतं ते शोधायला सांगायचं. यातल्या एकाही खेळाला रुपया लागला नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

माझी लेक सगळ्यात पुढं. मी नुसतं बोट दाखवायचा अवकाश, तिला कळायचं. जावेच्या पोरीला दहा वेळा सांगावं लागे. तीन वर्षांची होते न होते तोच माझ्या लेकीनं राखेत 'आई' लिहिलं. मी ती पितळी तशीच उचलली आणि राख हलू नये म्हणून श्वास रोखून चार घरी दाखवून आले. "लय हुशार हाय पोरगी," बायका म्हणाल्या. तोंडानं ती अजून आई म्हणत नव्हती, पण लिहीत होती. मला वाटलं, आमचं पाणीच वेगळं. तिच्या लेखी तो नुसता एक आकार होता, पळसाच्या पानाच्या रेघेसारखा, हे मला आता कळतं.

बोलत नाही याची काळजी नव्हती असं नाही. ती हसायची, रडायची, आ-आ करून अंगण डोक्यावर घ्यायची, पण शब्द येत नव्हता. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावायच्या. "बोलंल की," त्या म्हणायच्या. "तिचा बाप बी लय उशिरा बोलला. आता गप बस म्हनलं तर बसंना." त्यांची खरी तक्रार दुसरीच होती. "पोरगी लय आयकंना बाई तुजी. कवाची हाक मारायलेय, ढुंकून बघंना."

आपल्या भाषेत ऐकणं हा एकच शब्द आहे. आवाज कानावर घेणं हेही ऐकणं आणि सांगितलेलं मानणं हेही ऐकणंच. लेकरू ऐकत नाही म्हटलं की ते हट्टी आहे, आईनं लाडावून ठेवलंय, एवढाच अर्थ आमच्या गावात होतो. आत्याबाई म्हणायच्या ऐकत नाही, जाऊ म्हणायची ऐकत नाही, मालक म्हणायचे ऐकत नाही. सगळे अगदी खरं बोलत होते, आणि आपण काय बोलतोय ते एकालाही कळत नव्हतं.

एकदा तापासाठी तिला गंगाखेडला दवाखान्यात नेलं होतं. तिथं मी डॉक्टरांनाही सांगितलं, "साहेब, ही अजून बोलत नाही, आणि ऐकत तर अजिबात नाही." बाहेर बाकावर माणसं मावत नव्हती. चिठ्ठी लिहिता लिहिता ते हसले. "बाई, माझं पोरगं तिसरीत हाय, ते तरी कुठं ऐकतंय?" मीसुद्धा हसले. तापाचं औषध घेऊन आम्ही एसटीनं परत आलो. त्यांचा मला राग येत नाही. 'हिला ऐकू येत नाही' असं मी म्हटलं असतं तर त्यांनी पेन खाली ठेवला असता. फरक एवढासाच होता, आणि आमच्या दोघांत शिकवण्याचा कागद माझ्याकडे होता.

मग मी तो खेळ काढला. बाकीचे सगळे खेळ डोळ्यांचे होते, म्हटलं एखादा कानाचा असू दे. दाराआड चार वस्तू ठेवल्या: स्टीलचा तांब्या, पितळेची परात, तेलाचा पत्र्याचा डबा आणि माठ. बाहेर ओसरीवर त्या चारींची चित्रं कोळशानं काढली. मी आत पळीनं एखादी वस्तू वाजवायची आणि पोरींनी त्या चित्रावर जाऊन उभं राहायचं. पहिल्या दिवसापासून दोघी बिनचूक. तांब्या वाजला की तांब्यावर, डबा वाजला की डब्यावर. मी दाराच्या फटीतून बघायचे. जावेची पोर आधी उडी मारायची आणि माझी तिच्या मागोमाग. ते मला रोज दिसत होतं. मी मनात म्हणायचे, माझी लेक विचार करून पाऊल टाकते.

आठवड्याभरानं जाऊ पोरीला घेऊन माहेरी, चुडाव्याला गेली. दुसऱ्या दिवशी लेकीनंच रोजच्या वेळेला माझा हात धरून मला दाराशी नेलं. तिला खेळायचं होतं. मी आत जाऊन तांब्या वाजवला. ती चित्रांच्या मधोमध उभी राहून शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मी परत वाजवला. ती त्या मोकळ्या जागेकडे बघून हसली. मी परात वाजवली, मग डबा. शेवटी पळी टाकून वरवंटा उचलला आणि डबा असा बडवला की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या आणि परसातून आत्याबाई ओरडल्या, "काय फोडायलीस गं घरात?" तोवर लेक कंटाळून खाली बसली होती. माझ्याकडे पाठ करून ती परातीच्या चित्रावरून बोट फिरवत होती. मी बाहेर आले, तिच्या पाठीशी उभी राहिले आणि पोटातून ओरडले. तिनं मान वळवली नाही.

मालकांना उसाच्या खेपा सोडून यायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी आम्ही परभणीला कानाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. लेकीला झोपेचं औषध देऊन तिच्या डोक्याला वायरी लावल्या. पडद्यावर रेघा आल्या, पण त्या फारशा हलल्या नाहीत. बाईंनी वय विचारलं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात चार पूर्ण. "आणि लक्षात कधी आलं?" मी म्हटलं, पाच दिवस झाले.

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, तेव्हा मीच बोलत सुटले. तूर-मूग सांगितलं, राख सांगितली, पानं सांगितली, 'आई' लिहिल्याचं सांगितलं. नापास पोरगी मास्तरांना वही उघडून दाखवते, तसं माझं चाललं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "फार छान शिकवलंत," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोटानं दाखवत गेलात, ती डोळ्यांनी शिकत गेली. म्हणून तर कुणाला संशय आला नाही. एखाद्या घरात हे वर्षा-दीड वर्षातच कळलं असतं." कानाची आतली घडणच अशी होती की ऑपरेशन करून भागणार नव्हतं. कानाला मशीन लावलं तर थोडाफार आवाज पोचणार होता. वर्षाची असताना लावलं असतं तर कदाचित बोलायलाही लागली असती, आता शब्द येतीलच असं सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मालक उठून बाहेर गेले. मला तिथल्या तिथं मेले असते तर बरं असं वाटलं, आणि ते मी कुणाला बोलले नाही.

परतीच्या गाडीसाठी आम्ही परभणीच्या फलाटावर उभे होतो. गाडी आत शिरताना इंजिनानं कानठळ्या बसवणारा भोंगा दिला. आजूबाजूच्या बायकापोरांनी कानांवर हात ठेवले. लेकीनं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि आपलेही हात कानांवर ठेवले. मालकांनी माझा दंड धरला. "आगं, आयकू आलं की तिला! बघ की, आयकू आलं!" मी मान हलवली. ती माझ्याच शाळेत शिकली होती. तिथं सगळं बघूनच करायचं असतं.

मशीन आलं. ते घालून ती पहिल्यांदा दचकली ती माझ्या आवाजानं नव्हे, पातेलं पडल्याच्या. पुढची दोन वर्षं मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून 'आई, आई' म्हणत बसायचे. तिचा 'आ' निघायचा, पुढचं निघायचं नाही, आणि निघालं तरी ते मला म्हणून नसायचं, गळ्याच्या थरथरीचा खेळ म्हणून असायचं. आत्याबाईंनी वेखंड सोडलं नाही. मात्र 'आयकंना' हा शब्द त्यांनी पुन्हा तोंडातून काढला नाही.

सहावं वर्ष सरलं तेव्हा तिला दुसऱ्या तालुक्यातल्या निवासी शाळेत घातलं. तिथं हातांनी बोलायला शिकवतात. मला घालायचं नव्हतं. मीच शिकवीन म्हणून मी दोन दिवस चूल पेटवली नाही. तेव्हा मालक म्हणाले, "तुजी शाळा बघितली की आपन." एवढं बोलून त्यांनाच वाईट वाटलं आणि जावेच्या चुलीवरून आलेलं ताट सारून ते उठले. तिसऱ्या दिवशी मी तिची पिशवी भरली. सोडून आले तेव्हा ती दाराच्या जाळीला धरून उभी होती, आणि तिला मागं वळून 'परत येते' एवढं सांगायलासुद्धा माझ्याकडे काही नव्हतं.

महिन्यानं भेटीच्या दिवशी गेले. फाटकातच तिच्या वर्गाच्या बाई भेटल्या. "लेक हुशार हाय तुमची," त्या म्हणाल्या, "पन तिच्या कानाचं काय ते कळंना. रोज संध्याकाळी दाराशी उभी राहते आन् कान धरून पिळते. दोनदा डॉक्टरला दाखवलं. मशीनचा कानातला साचा बी बदलला. कान एकदम चांगला हाय म्हनतात." तेवढ्यात पोरांच्या घोळक्यातून लेकीनं मला बघितलं. ती थबकली. तिनं उजव्या कानाची पाळी चिमटीत धरली, पिळली, आणि तशीच हसत माझ्याकडे पळत सुटली.

बाई बघतच राहिल्या. "आस्सं होय! कान म्हंजे आई होय! रोज तुम्हालाच इचारायली होती बघा ती."

एक गोष्ट मी इथवर लिहिली नाही. लिहायला हात होत नव्हता. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात; माझा शब्द पोचत नव्हता, म्हणून मी तिचा कान धरून पिळायचे. ऐकत नाहीस, ऐकत नाहीस, असं म्हणत दिवसातून चार-पाच वेळा, पाळी लाल होईपर्यंत. मारत मात्र कधी नव्हते, आणि त्याचाही मला गर्व होता. तिला माझा आवाज ठाऊक नव्हता, नाव ठाऊक नव्हतं. माझ्याकडून तिच्या कानापर्यंत जे पोचलं ते एवढंच होतं, आणि तिनं त्याचंच माझं नाव केलं होतं.

लेक कमरेला मिठी मारून उभी होती. मान वर करून तिनं परत एकदा कान धरला, मला दिसला नसेल म्हणून.

"लय सोपी खूण हाय," बाई म्हणाल्या. "घरी कुनी शिकवली तिला?"

"मी," मी म्हटलं.

"मग आमी बी तीच ठेवतो," त्या म्हणाल्या, आणि लेक माझा हात ओढत मला तिचा वर्ग दाखवायला घेऊन गेली.