आमच्या वार्डातलं गोदाम

सासऱ्यांनी नागपूरला दीक्षा घेतली, त्याला बरीच वर्षं झाली होती. बालाघाटात घराला लागून आमची एक शेड होती. ती भाड्यानं घेऊन विड्या वळून घेणारा ठेकेदार दुसऱ्या गावी गेला आणि शेड रिकामी पडली. आमचे नवरे मँगनीजच्या खाणीवर. शेडीचं काय करायचं याचा विचार करायला उरलो मी आणि माझी मोठी जाऊ.

त्याच सुमारास शेजारच्या मास्तरीणबाईंची बदली झाली. सामान ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी शिलाई मशीन आणि सागवानी पलंग मातीमोल विकला. पलंग बैलगाडीवर चढताना त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

जाऊ म्हणाली, "लोकायचं सामान आपण काहून नाही ठेवत?"

"गोदामं काय कमी हायेत गावात?" मी म्हणाले.

"चाल, पाहून येऊ."

एका पेटीत जुनी भांडी भरली आणि गिऱ्हाईक बनून रिक्षानं निघालो. स्टेशनाजवळच्या धान्याच्या गोदामात मुनीमानं पेटी बघूनच हात हलवला. पोती असतील तर आणा, घरचं सामान घेत नाही. दुसरं गोदाम एका ट्रकमालकाचं. त्यानं आत नेलं. एकाच खोलीत गाद्या, खताची पोती, कुणाचं तरी लग्नातलं कपाट, सगळं एकावर एक. कौलांतून ऊन खाली पडत होतं. कपाटाखाली उंदरांच्या लेंड्या.

"चाबी कोनाजवळ राह्यते?" जाऊनं विचारलं.

"मेरे पास. और किसके पास रहेगी?"

मग त्यानं आमचा वार्ड विचारला. सांगितला, तसा त्याचा आवाज बदलला. "तुम लोगों का सामान बाहर बरामदे में रखना पड़ेगा."

पेटी उचलून आम्ही बाहेर पडलो. मी त्याला शिव्या घालत होते. जाऊ मात्र रस्ताभर हिशेब मांडत होती. "एक घरचं सामान घेतच नाही. दुसरा घेते, पण उंदरायच्या हवाली करते अन् चाबी सोताजवळ ठेवते. आपण उलटं करू."

आम्ही कौलं शाकारली. बांबूच्या तट्ट्या मातीनं लिंपून शेडीत खोल्या पाडल्या. ज्याचं सामान, त्याचंच कुलूप.

बातमी लागताच ट्रकमालक शेडीशी येऊन उभा राहिला. "आपके मोहल्ले में सामान रखेगा कौन?"

"नाही ठेवलं तं आमची शेड रिकामी राहीन," जाऊ म्हणाली. "तुमच्या पोटात काहून दुखून राह्यलं?"

आमच्याकडे ठेवलेलं सामान बाटतं, असं त्यानं गावभर पसरवलं. पावसाळाभर कोणी फिरकलं नाही. नवरे म्हणाले, शेड भाड्यानं देऊन टाका. आम्ही दोघी नाही म्हणालो, आणि रोज शेड झाडत राहिलो.

शेवटी, तांबं सापडतं का ते बघायला मलाजखंडच्या डोंगरात भोकं पाडणाऱ्यांपैकी एक साहेब आला. त्याला तिकडे तंबूत राहायचं होतं आणि घरचं सामान विकायचं नव्हतं.

"कुलूप मेरा?"

"हौ. चाबीबी तुमचीच."

त्यानं आपल्या सोबत्यांना पाठवलं. मग बदलीवाले आले, ठेकेदार आले. बाटण्याचं नाव कोणी काढलं नाही.

दोनेक वर्षांनी ट्रकमालक पुन्हा आला. या वेळी गोड बोलत होता. दोघं मिळून भाव वाढवू म्हणाला. जाऊनं त्याला चहा विचारला.

"नहीं, नहीं. चाय नहीं."

"मंग धंदाबी नाही," जाऊ म्हणाली, आणि झाडू घेऊन आत गेली.