पाखरं हाकलणारा आवाज

वाशिमात आमचा चौघांचा बँड होता. सायकेडेलिक रॉक. म्हणजे बारा-बारा मिनिटांचं एकेक गाणं, गिटार नुसती घुमत राहणार, ऐकणाऱ्याचं डोकं गरगरलं पाहिजे. गावाकडचे, अनसिंगचे आमचे भाऊबंद ऐकून विचारायचे, "गाणं सुरू कवा होते बाप्पा?" हसा लेको, म्हणायचो मी.

एका गाण्यात मी बाबांची हाक घातली. ज्वारी हुरड्यात आली की बाबा मचाणावर उभे राहून पाखरं हाकलायचे, "हाऽऽ होऽऽ!" ती मोबाइलवर घेतली आणि गिटारखाली सोडली. त्याच वर्षी बाबा गेले.

पुढं एका टीव्ही मालिकेवाल्यांचा फोन आला. पार्श्वसंगीताला तुमचं गाणं पाहिजे, सगळे आवाज सुटेसुटे पाठवा. मी असा हुरळलो की कागद न वाचताच सही ठोकली. अक्कल गहाण टाकली, दुसरं काय!

मालिका सुरू झाली तेव्हा आईला मुद्दाम टीव्हीसमोर बसवलं. ती मेथी निवडत होती. विहिरीतून पांढऱ्या साडीतली हडळ निघाली आणि मागून बाबा ओरडले, "हाऽऽ होऽऽ!" गिटार नाही, ड्रम नाही, नुसते बाबा.

आईनं मान वर केली. "हे तुहे बाबा व्हय नं?"

"हो."

"अन् त्यायले भूत काहून केलं रे? त्या मानसानं पाखराशिवाय कोनाले भेव दाखवलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालिकेवाल्यांना फोन केला, तो आवाज काढा म्हणालो. "तुमची सही आहे सर," म्हणे.

पण दुसऱ्या दिवशी साडेसातला आईनं स्वतःच टीव्ही लावला. मग रोजच. हडळ आली नाही की चिडायची, "आज कुठं मेली ते भवानी?"

काही महिन्यांनी मांत्रिकानं हडळीला बाटलीत कोंबलं. हाक बंद झाली. तरी आई साडेसातला बसायचीच. जुने भाग मोबाइलवर होते, दाखवता आले असते. पण मला वाटलं, आता हिला आपलं खरं गाणं ऐकवू. एवढ्या वर्षांत मी काय केलं ते तरी कळेल.

मोबाइल तिच्या कानाशी धरला. बारा मिनिटं तिनं मुकाट्यानं ऐकलं.

"याच्यात तुहं वाजवनंच लय हाये," ती म्हणाली. "त्यायले बोलूच देत नाहीस तू."

मी मोबाइल तिच्या कानापासून खाली घेतला.

"ते हडळवालं लाव."

मी लावलं.