हिवाळ्यातली उन्हाळी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू नाही, राग आला. महिना उलटला, तो अजून उतरलेला नाही. तेरवीला जो तो म्हणत होता, "वय झालं होतं." लघवी तुंबून, मूत्रपिंडं निकामी होऊन माणूस गेला, आणि म्हणे वय झालं होतं!

मनोहरदादा माझा थोरला भाऊ. आमगावजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, तिथल्या लाऊडस्पीकरवर बोलायचा मान वर्षानुवर्षं त्याचा. हरवलेलं पोर, सुटलेला बैल, नाटकाची वेळ... कोणाचा नवरा कुठे पिऊन पडलाय तेही तो नावानिशी सांगायचा. मागच्या मंडईत मात्र माइक सोडून तो सारखा बांधाकडे जात होता आणि बराच वेळ तिथे उभा राहून परत येत होता. "काऊन उठून राहिला सारखा?" मी विचारलं. "उन्हाळी लागली रे," तो म्हणाला. अंगात त्याच्या स्वेटर होतं.

या शब्दावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. उन्हानं लघवीला जळजळ झाली तर वापरायचा हा शब्द, आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या सगळ्या दुखण्यावर पांघरूण घालतो. धार बारीक झाली, उन्हाळी. झोपेतून चारदा उठावं लागतं, उन्हाळी. मग वहिनी धणे भिजवणार, शेजारी सब्जा पाठवणार, पारावरचे डोळे मिचकावत तरुणपणचे उद्योग काढणार. आणि दादा? त्यानं पाणी पिणंच कमी केलं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर माझ्यावरच उखडला, "तिथं पोरीच्या वयाची डॉक्टरीण आहे. तिले चड्डीतलं सांगू का?" नाहीच सांगितलं. सर्दी झाली तेव्हा दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या, आणि लघवी पार बंद झाली.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं. याचा उन्हाशी संबंध नाही, तरुणपणाशीही नाही. वय वाढतं तसं पुरुषाच्या शरीरातल्या हार्मोन्सचं गणित बदलतं, मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि लघवीची वाट आवळते. सर्दीच्या काही गोळ्यांनी ती वाट एकदम बंदही पडते. वेळेवर आले असते तर बहुधा औषधांवर भागलं असतं, नाहीतर ऑपरेशन होतं... आता मूत्रपिंडं खराब झाली होती, जंतू रक्तात गेले होते. "घरात आणखी कोणाला होतं?" त्यांनी विचारलं. मला बाबा आठवले. दाराजवळ बाज टाकून घेणारे, घडीघडीला उठणारे. त्यांनाही म्हणे उन्हाळीच होती. डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "हे रक्तातूनही येतं."

परवा गावी गेलो होतो. ओसरीवर चार माणसं बसलेली. चहानंतर मी दोनदा मागे जाऊन आलो, तर वहिनींनी दादाचा पितळी पेला माझ्यापुढे ठेवला. धण्याचं पाणी. "सवयीनं हात जाते जी, अजून भिजवतोच मी," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "तुमाले बी उन्हाळी लागली वाटते, भाऊजी."

माझं डोकंच फिरलं. मंडईत दादा बोलायचा त्या आवाजात म्हणालो, "उन्हाळी नाही वहिनी, प्रोस्टेट! बाबांची होती, दादाची होती, आता माझी असंल. उद्या गोंदियाले दाखवाले चाललो. आणखी कोण येते?"

 पेल्याला मी हात लावला नाही. तेवढ्यात शेजारचा रामाजी, दादाच्याच वयाचा, माझ्याकडे सरकला आणि कानाशी कुजबुजला, "किती वाजताची गाडी आहे गा?"

"जोरानं विचार ना!" मी म्हटलं.