बॉक्सच्या डोळ्यापुढचं फुलपात्र

दुपारच्या वेळी आमच्या टीव्हीखालच्या फळीवर, सेटटॉप बॉक्सला अगदी चिकटून, स्टीलचं एक फुलपात्र उभं असायचं. आलेगेले हमखास विचारायचे, इथं पाणी कुणासाठी ठेवलंय? त्यात पाणी नसायचंच. रिमोटचा इशारा बॉक्स ज्या डोळ्यानं टिपतो, तो डोळा झाकायला ते होतं. फुलपात्र उभं आहे तोवर चॅनेल बदलायचं नाही, आणि चुकून कुणाचं बोट पडलं तरी ते बदलणार नाही. ही सोय माझी. घरातल्या गोष्टी कागदावर लिहून, वेळा ठरवून कराव्यात अशा मताची मी आहे, आणि जिथं कागद पुरत नाही तिथं फुलपात्र ठेवते.

शिवाजी पेठेतलं आमचं घर दोन मजली. खाली सासू-सासरे आणि आम्ही, वर धाकटे दीर आणि जाऊ. केबलची वायर एकच. खाली एक फाटा, वर एक. नव्वदच्या दशकात यांनी आखातातून परतलेल्या एका मित्राकडून व्हीसीआर घेतला, तेव्हापासून रेकॉर्डिंगचं खातं माझ्याकडे. तेव्हा ते सोपं होतं. वायर आधी व्हीसीआरमध्ये जायची, मग टीव्हीत. व्हीसीआर त्याच्या चॅनेलवर, टीव्ही आपल्या चॅनेलवर. आत्तींची, म्हणजे सासूबाईंची मालिका टेपवर जात असताना मामा, म्हणजे सासरे, खुशाल स्थानिक केबलवर तालमींच्या संघांचा फुटबॉल बघायचे. वर दीर तिसरंच काही लावायचे. भांडण नव्हतं.

मग बॉक्स आला. केबलवाल्यानं वायरी जोडल्या आणि दोन पावलं मागं सरून म्हणाला, "बघा वहिनी, चित्र कसं काचंगत दिसतंय."

चित्र खरंच छान होतं. मी विचारलं, "आणि व्हीसीआरचं काय?"

"अजून चालतंय व्हय ते तुमचं?"

"चालतंय."

त्यानं डोकं खाजवलं. मग सांगितलं ते असं: आता चॅनेल निवडणार तो फक्त बॉक्स. बॉक्समधून एका वेळी एकच चॅनेल बाहेर पडणार, आणि खाली, वर, टेपवर, सगळीकडे तेच जाणार. व्हीसीआरवर चॅनेलचा नंबर लावायचाच नाही, तिथं 'एव्ही' ठेवायचं, म्हणजे बॉक्सकडून येईल तेच टेपवर जाईल. वरती वेगळं बघायचं असेल तर वेगळा बॉक्स घ्या. वेगळ्या बॉक्सचा विषय त्या रात्री जेवताना निघाला आणि पुढच्या दिवाळीवर गेला. तिथून तो आणखी पुढच्या दिवाळीवर गेला.

पण या बॉक्सनं एक नवं चॅनेलही आणलं. शिक्षणाचं. ते आधी सापडलं धाकट्या जावेला.

ती चंदगडकडची. बी.ए.चं पहिलं वर्ष झालं आणि लग्न ठरलं, कॉलेज तिथंच राहिलं. इथं आल्यावर ती एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायला लागली, आणि बाहेरून परीक्षा देऊन दुसऱ्या वर्षाला पोचली. पदवी झाली असती तर दवाखान्याच्या कार्यालयात तिला कायम करणार होते. आडवं येत होतं एकटं अर्थशास्त्र. दोनदा त्यातच गेली. तिसऱ्यांदा फॉर्म भरताना तिनं मला बजावून ठेवलं, "ताई, ह्या खेपंला न्हाय झालं तर पुस्तकं रद्दीत. मग मला कुनी काय म्हनायचं न्हाय."

त्या चॅनेलवर बाहेरून बी.ए. करणाऱ्यांसाठी मराठीतून तास असायचे, आठवड्यातले तीन दिवस, भर दुपारी. ती तेव्हा खिडकीवर. म्हणजे रेकॉर्डिंग करणं आलं. आणि नेमक्या त्याच वेळी आत्तींची मालिका.

मी आत्तींशी बोलायला गेले तेव्हा त्या शेंगा फोडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि वर न बघता म्हणाल्या, "शिकू दे बाई तिला. माझ्या मालिकंतली सून तिकडं हिरीत पडंना का."

दुसऱ्या दिवशी मात्र शेजारच्या काकूंना जिन्यातच गाठून विचारलं, "पडली का गं हिरीत?"

फुलपात्र आलं ते पहिल्याच आठवड्यानंतर. तासाच्या मध्यावर मामांनी सवयीनं फुटबॉल लावला आणि टेपवर 'मागणीचा नियम' अर्धवट राहून पुढं थेट कॉर्नर किक आली. धाकटी संध्याकाळी ते बघून हसली, पण वही मिटून वर गेली. मग मी डोळाच झाकला.

त्याचा एक परिणाम माझ्या हिशेबात नव्हता. टीव्हीवर दुसरं काही लागतच नाही म्हटल्यावर मामा आणि आत्ती दोघं तेच बघत बसायला लागले. मामांनी त्या प्राध्यापकाशी उभा दावा मांडला. तो म्हणायचा समजा एक शेतकरी आहे, की इकडून मामा, "कुठला? त्याचं गाव सांग आधी." आत्ती शेंगा फोडता फोडता ऐकायच्या, मधेच डोळा लागायचा. मी स्वयंपाकघरातून कॅसेट कधी संपते त्याकडे लक्ष ठेवून असायचे.

असे काही महिने गेले. परीक्षा आठवड्यावर आली. शेवटचा तास उजळणीचा होता आणि धाकटी ज्या धड्यात दोनदा अडकली होती, त्याच धड्यावर: उत्पादन खर्च आणि संधी खर्च. नेमकं त्या दिवशी माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा पेठ वडगावला. मी सगळं एका कागदावर लिहून व्हीसीआरवर चिकटवलं. दुपारी यांचं दुकान बंद असतं, म्हणून काम यांच्याकडे दिलं.

"वाचून करा," मी म्हटलं.

"मला काय शिकवतीस? व्हीसीआर मी आणलाय."

संध्याकाळी मी परत आले तेव्हा धाकटी टीव्हीसमोर जमिनीवर बसलेली होती आणि पडद्यावर मुंग्या. नुसत्या मुंग्या, सूं असा आवाज. तिनं पुढं पळवलं. मुंग्याच. पार शेवटपर्यंत मुंग्या.

हे व्हीसीआरजवळ माझा कागद हातात घेऊन उभे. आता वाचत होते. व्हीसीआरवर यांनी जुन्या सवयीनं चॅनेलचा नंबर दाबला होता. त्या नंबरावर आता काहीच येत नव्हतं. बॉक्स बिचारा बरोबर चॅनेलवर होता, फुलपात्र जागेवर होतं, टीव्हीवर तास नीट लागला होता. फक्त टेपवर गेला नव्हता.

"फुलपात्र ठेवलं हुतं की मी," हे म्हणाले.

धाकटीनं व्हीसीआर बंद केला. "जाऊ दे भावजी. ह्यो इषय माझ्या नशिबातच न्हाय."

ती उठायला लागली तशा आत्ती आतून आल्या. "कुठं निघालीस? तास मी बघितलाय की सगळा."

"तुमी बघितलाय आत्ती. पेपर मला द्यायचाय."

"मग बस खाली. सांगते."

"निम्मा तास घोरत हुती," मामा खुर्चीतून म्हणाले.

"तुमी गप बसा. तुमी तर त्या मास्तराला शिव्या घालत हुता."

"घालणारच. म्हनं, ऊस न्हाय तर भुईमूग लावा. लावा म्हनं! पाण्याची पाळी काय ह्याचा बा धरनार?"

आत्तींनी त्यांच्याकडे पाठ केली आणि धाकटीसमोर बसल्या. "हे बघ. एक एकर रान हाय. त्यात ऊस लावला. मग त्या उसाचा खर्च किती?"

"बियाणं, खत, मजुरी," धाकटी म्हणाली. आवाजात जीव नव्हता.

"त्यो झाला एक. आनी त्या रानात भुईमूग आला असता, त्यो गेला. त्यो बी खर्चच."

"हितंच अडतंय माझं. भुईमूग लावलाच न्हाय तर खर्च कसला? पैसं कुठं गेलं?"

आत्तींनी हात पुढं करून फळीवरचं फुलपात्र उचललं आणि दोघींच्या मधे ठेवलं.

"हे हितं ठेवलं की तुझा तास टेपवर जातो. आनी माझी मालिका बुडती. माझ्याकडनं कुनी पैसं घेतलं का? न्हाय. पर माझं काय तरी गेलंच न्हवं? त्यो ह्यो खर्च."

धाकटी फुलपात्राकडे बघत राहिली. मीही. इतक्या महिन्यांत माझ्या वेळापत्रकात आत्तींच्या मालिकेचा रकाना मी सरळ काढून टाकला होता. जागा मोकळी झाली एवढंच मला दिसलं होतं.

"आनी एवढंच न्हाय," आत्तींना आता जोर चढला. "त्याच टायमाला दुसरीकडं भजन बी असतंय. ते बी बुडतं. मालिका आनी भजन, दोन्हीची बेरीज धर. एवढा खर्च."

"न्हाय आत्ती," धाकटी म्हणाली.

"काय न्हाय?"

"बेरीज न्हाय करायची. तास नसता, तर तुमी मालिका आनी भजन दोन्ही एकदम बघितलं असतं का? बॉक्स तर एकच हाय."

"न्हाय. मालिकाच बघितली असती."

"मग तेवढीच गेली. जे सगळ्यात आवडीचं सोडलं तेवढंच धरायचं. भजन तसं बी बघनार नव्हताच तुमी."

"व्हय," मामा खुर्चीतून पुढं झुकले. "मास्तर बी तेच म्हनला. एकच धरायचं म्हनला. तवा ही घोरत हुती."

आत्तींना ते पटायला वेळ लागला. भजन गेलंच की, असा त्यांचा हेका. धाकटीनं पुन्हा सांगितलं, आता उसावरून, मग आमच्या दुकानाच्या गाळ्यावरून, मग चंदगडच्या रानातल्या काजूवरून. तिसऱ्यांदा सांगताना ती पुस्तकातले शब्द वापरत होती आणि पुस्तक वर खोलीत होतं. हे माझ्या लक्षात आलं, यांच्याही आलं. मी भात लावायला आत गेले. भाताला वाफ आली तरी बाहेर वाद चालूच होता.

पेपरच्या दिवशी ती घरी आली आणि पायातल्या चपला न काढता उंबऱ्यातूनच म्हणाली, "आला! संधी खर्च आला, उदाहरणासहित."

"ऊस लिवलास का?" मामांनी विचारलं.

"न्हाय. एका घरात एकच बॉक्स हाय आनी सासूला मालिका बघायची हाय, असं लिवलं."

आत्ती म्हणाल्या, "माझं नाव घातलंस का त्यात?"

"नाव कशाला घालू? पेपर तपासनारा म्हनंल, ह्या बाईला जाच दिसतोय सासूचा."

"म्हनू दे. मार्क देऊ दे म्हनजे झालं."

त्यानं दिले. फार नाहीत, पण पास व्हायला हवे होते त्याहून थोडे वरच. निकाल कळला त्या दिवशी यांनी दुकानातून परत येताना पेढे आणले, आणि पहिला पेढा, मी बघतेय याची खात्री करून, व्हीसीआरवर ठेवला.

तिसऱ्या वर्षाचे तास सुरू झाले तेव्हा मी नवं वेळापत्रक करायला बसले. या वेळी आत्तींना आधी विचारलं. दोन दिवस तासाचे, एक दिवस मालिकेचा, असं आम्ही ठरवलं; उरलेला तास शेजारच्या काकूंच्या टीव्हीवरून धाकटीला कुणीतरी ऐकून सांगायचा. हे काम मामांनी मागून घेतलं.

मुंग्यांची कॅसेट मी टाकली नव्हती. टेप चांगली होती, वाया कशाला घालवायची. तिच्यावरचं लेबल ओलं करून खरवडून काढलं आणि नवं चिकटवलं: तिसरं वर्ष, पहिला तास. व्हीसीआरवर 'एव्ही' दाबलं. वळून बघते तर आत्तींनी फुलपात्र आधीच जागेवर ठेवलं होतं.