आडव्या गोटीचा प्रश्न

इतकी वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आणि स्टाफरूममध्ये तर नाहीच — तिथे मी 'फिजिक्सच्या हुशार मॅडम'.

आरमोरीच्या ज्युनिअर कॉलेजात मी अकरावीला शिकवते. सदिश, प्रतलातली गती — सगळं फळ्यावर झरझर. वेगाचे दोन घटक करा, आडवा वेगळा, उभा वेगळा, सूत्र लावा, मार्क घ्या. पण ते वेगळे का करता येतात? खरं सांगू? मला कळलेलंच नव्हतं. पाठ होतं नुसतं. आमच्या घरातली कॉलेजात शिकलेली पहिली मुलगी मी. 'मला येत नाही' हे तोंडातून निघणार कसं?

आणि काही वर्षांपूर्वी भर वर्गात सरिताने नेमकं तेच विचारलं. एरवी गप्प बसणारी पोर. "मॅडम, आडवी फेकलेली गोटी अन् नुसती सोडलेली गोटी संगंच काऊन पडते? आडवीले तं जास्त दूर जा लागते ना?"

आणि मी — लिहितानाही हात अडतो — मी म्हटलं, "एवढंही डोकं चालत नसेल तर आर्ट्स घे." वर्ग हसला. तिने खरंच आर्ट्स घेतलं.

गेल्या हंगामात धाकट्या भावाच्या खळ्यावर धानाचे भारे उतरवत होतो. आमच्याकडे त्यासाठी ट्रॅक्टर थांबवत नाहीत. तो हळू चालत राहतो, ट्रॉलीतल्या माणसाने प्रत्येक खुणेच्या दगडापाशी पडेल असा, जरा आधीच भारा सोडायचा. मी हौसेने चढले आणि दगड आला की सोडायला लागले. माझा प्रत्येक भारा दगडाच्या पुढे!

"अवं ताई, फेकून काऊन राह्यली? नुसता सोड ना!" खालून भाऊ ओरडला.

पण मी तर नुसताच सोडत होते! मला तो सरळ खाली, ट्रॉलीला लागूनच पडताना दिसत होता. भावाला मात्र पुढे फेकलेला दिसत होता. भारा एकच. धप्प आवाजही एकच. म्हणजे सोडलेला आणि आडवा फेकलेला — दोघांना पडायला वेळ तेवढाच! ट्रॉलीची चाल भाऱ्याला पुढे नेते, पडण्यात ती लुडबूड करत नाही!

कळलं हो, कळलं! ट्रॉलीत मी अशी नाचले की भावाला वाटलं, मला इंगळी डसली.

दुसऱ्या दिवशी तडक सरिताकडे गेले. ती झेरॉक्सच्या दुकानात काम करते. तिचं सायन्स मी घालवलं, ते काही परत येत नाही. तरी भाऱ्यांची सगळी हकिगत सांगितली. मग तिचा चेहरा असा काही उजळला!

"म्हंजे मी बरोबरच विचारलं होतं!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"बरोबरच विचारलं होतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मलेच येत नव्हतं."