टेकडीवर ओतलेलं पाणी

पाठीवर वजन घेऊन टेकडी चढणाऱ्या कॉलेजच्या गटात मी या रविवारी पहिल्यांदाच गेले. वजन म्हणून प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाण्याने भरलेल्या बाटल्या होत्या. माथ्यावर पोचताच सगळ्यांनी झाकणं उघडली आणि पाणी गवतावर ओतून दिलं. उतरताना गुडघ्यांवर भार नको, म्हणून इथली ही पद्धत आहे. कोरड्या मातीने ते बघता बघता पिऊन टाकलं.

"अगं, ओत की! घरी न्यायचंय का?" गटाची प्रमुख श्रुती हसून म्हणाली.

मी बाटलीचं झाकण आणखी घट्ट केलं. आमच्या गावची विहीर खाली उतारावर आहे. हंडे वाहून वाहून आईची मान गेली, आता ती अंथरुणातून उठत नाही. पाण्यासाठी धाकट्या बहिणीने आठवीतच शाळा सोडली. ओझं कुठे उतरवायचं हे ज्याला ठरवता येतं, त्याच्यासाठीच तो व्यायाम असावा, असं मला वाटत राहिलं.

"नको, राहू दे," एवढंच म्हणाले आणि भरलेली सॅक घेऊन उतरू लागले. प्रत्येक पावलाला गुडघ्यांवर भार येत होता. त्याने धाकटीची एकही खेप कमी होणार नव्हती.