आप्पांनी पायताण काढलं ते रान

न्हावऱ्याच्या स्टँडवर एसटी लागली, तेव्हा आजूबाजूच्या रानांत पाचट पेटवलेलं होतं. ऊस तुटून गेला की मागे राहिलेला वाळका पाला जाळून रान मोकळं करायचं, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं. आई डोळे पुसत होती आणि बोल धुराला लावत होती. आप्पांनी बॅग टपावर चढवली, खाली उतरले आणि म्हणाले, "कवा येतीस ते कळव." मी अजून गाडीतही बसले नव्हते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यात शेतकी शिकलेली मी, कॅनडाच्या पार उत्तरेला मातीवर काम करायला निघाले होते. दोन वर्षांसाठी, असं सगळ्यांना सांगितलं होतं. तुमच्यापैकी जे गेलेत त्यांना ठाऊक आहे, सगळे दोन वर्षांसाठीच जातात.

तिथली माती मला आधी मातीच वाटेना. शेवाळ, झाडांच्या सुया, मुळं, असा हजारो वर्षांचा पालापाचोळा थंडीमुळे न कुजता साठत गेलेला, आणि त्याखाली बारमाही गोठलेली जमीन. आमच्या रानात शेणखत टाकावं आणि उन्हानं ते दोन हंगामांत खाऊन बसावं. इथे खाणारं ऊनच नव्हतं. झाडांत नसेल एवढा कार्बन त्या थरात होता. पण आता उन्हाळे तापायला लागले होते. थर वाळत होता, आणि वणवा लागला की झाडांबरोबर जमीनही जळत होती. वरचं शेवाळ गेलं की खालचा बर्फ वितळायचा आणि उरलंसुरलं कुजायला लागायचं. म्हणजे आग विझली तरी कार्बन हवेत जातच राहायचा.

किती गेला, किती उरला, हे बघणं माझं काम. सॅम्पल काढायची, लॅबमध्ये वाळवायची, वजनं करायची. दिवसचे दिवस मराठी शब्द तोंडातून जायचा नाही. फार एकटं वाटायचं. रविवारी फोन केला की आप्पा विचारायचे, "कवा येतीस?" आणि मी म्हणायचे, हे सीझनचं काम उरकलं की.

आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचले नाही. शेवटचे दिवस आप्पा तिच्या उशाशी बसून होते, जेवायलाही उठत नव्हते, असं भावानं सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात आप्पा स्वतःच माझ्याकडे आले. पुण्याच्या पुढे एकट्यानं कधी न गेलेला माणूस! मला परत न्यायला येतायत, हे भावानं आधीच फोडलं होतं. मीही मनाशी ठरवलं होतं, या खेपेला विचारलं की हो म्हणायचं.

एका शनिवारी त्यांना जळलेल्या जंगलातला आमचा सॅम्पल काढायचा प्लॉट दाखवायला नेलं. पाऊस पडून गेला होता, धूर कुठेच नव्हता. गाडीजवळच थांबा म्हणून मी सामान काढायला वळले. तेवढ्यात आप्पांनी राखेच्या कडेला पायताण काढून ठेवलं. रानात पायताण घालून शिरायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. आणि जळलेलं पाचट संध्याकाळपर्यंत गार होतं, हा अनुभव. चार पावलं गेले आणि उजवा पाय राखेत घोट्यापर्यंत रुतला. खाली जमीन धुमसत होती.

पाय बरा होईपर्यंत ते माझ्या फ्लॅटमध्ये पडून होते. मी पट्टी बदलायचे, भात-आमटी करायचे. इतक्या वर्षांनी आम्ही दोघं एका घरात होतो, आणि मला फार बरं वाटत होतं. ते आता विचारतील, मग विचारतील, अशी मी वाट बघत होते.

एकदा पट्टी बांधताना त्यांनी विचारलं, "ती जमीन परत व्हईल का गं पैल्यासारखी?"

झाडं येतील, मी म्हटलं, पण तो थर आपल्या हयातीत काही होत नाही.

"मग तू कशाची राखण करतीस तितं?"

राखण नाही, म्हटलं. जाताना किती गेलं, ते कुणीतरी बघायला हवं ना.

आप्पा म्हणाले, "व्हय. जाणाऱ्याजवळ कुनीतरी बसावं लागतं." टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच पटलं होतं. माझा हात मात्र पट्टीवर तसाच थांबला. आईजवळ मी बसले नव्हते.

त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. निघताना विमानतळावर एवढंच म्हणाले, "जपून ऱ्हा, मंगल." पुढे रविवारचे फोन चालू राहिले, उसाबद्दल, नातवंडांबद्दल. येण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि न विचारता मी येते म्हणणं मला जमलं नाही.

आता आप्पाही नाहीत. मी न्हावऱ्याला जाते. भाऊ स्टँडवर घ्यायला येतो, वहिनी आवडीचं करते, मायेत काही कमी नाही. पहिला घास तोंडात असतानाच ती प्रेमानं विचारते, "परत कवा जायाचं हाय, ताई?"

मी तारीख सांगते.